करामत आणि पाया : पीट मॅराविच



क्रीडा तासाला मुलांच्या हातात बास्केटबॉल दिला की काय होतं, ते तुम्ही पाहिलंच असेल. चार-सहा मुलं सांगितल्याप्रमाणे समोरासमोर उभी राहून पास देतात आणि एखादा मात्र चेंडू बोटावर गरगर फिरवायला लागतो. मग बाकीची सगळी त्याच्याकडेच बघत राहतात. आपण शिट्टी वाजवतो, ओरडतो, आधी साधा पास नीट द्यायला शीक असं सांगतो. आपलं चुकतं असं मी म्हणत नाही. पण अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये असा एक खेळाडू होऊन गेला, की त्याची गोष्ट ऐकल्यावर हा प्रश्न वाटतो तितका सोपा राहत नाही. त्याचं नाव पीट मॅराविच. लोक त्याला पिस्तूल पीट म्हणायचे.

पीटचा जन्म २२ जून १९४७ चा, पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या अलिक्विपा या गावचा. पोलाद कारखान्यांचं गाव. कारखान्यात कामाला लागायचं आणि तिथेच म्हातारं व्हायचं, ही तिथल्या पोरांची ठरलेली वाट. पीटचे वडील त्या वाटेने गेले नाहीत. ते सर्बियातून आलेल्या आईबापांचे पुत्र. लहानपणी पिट्सबर्ग प्रेस नावाचं वर्तमानपत्र विकायचे, म्हणून त्यांना सगळे प्रेस म्हणू लागले आणि तेच नाव आयुष्यभर चिकटलं. प्रेस मॅराविच यांना कारखान्यातून बाहेर काढलं ते बास्केटबॉलने. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलात वैमानिक होते. युद्धानंतर थोडा काळ व्यावसायिक संघांतून खेळले आणि मग प्रशिक्षक झाले.

आता हे प्रेस कसे प्रशिक्षक होते, ते लक्षात घ्या, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. ते शिस्तीचे, बचावावर भर देणारे, मूलभूत कौशल्यांचे पक्के शिक्षक होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली नॉर्थ कॅरोलिना स्टेटच्या संघाने १९६५ मध्ये आपल्या विभागाचं विजेतेपद मिळवलं. म्हणजे करामतीवर भाळणारा हा माणूस नव्हे. पण स्वतःच्या मुलाच्या बाबतीत त्यांनी वेगळंच स्वप्न पाहिलं. आजवर कोणी खेळला नाही असा खेळ आपल्या पोराने खेळावा आणि त्यातून त्याने दहा लाख डॉलर मिळवणारा खेळाडू व्हावं, हे ते स्वप्न. त्या काळात एवढी रक्कम कुणाच्या कल्पनेतही नव्हती.

पोराला चेंडूकडे ओढलं कसं, त्याचा किस्सा मोठा गमतीचा आहे. पीट लहान असताना प्रेस अंगणात एकटेच चेंडू कडीत टाकत राहायचे आणि मुलाकडे बघायचेसुद्धा नाहीत. पोरगं दारात उभं राहून बघायचं. शेवटी त्यानेच हट्ट धरला, मला पण टाकू द्या. पहिला चेंडू अर्थातच चुकला. झालं, मासा गळाला लागला! बालवाडीच्या ताई हे तंत्र रोज वापरतात, त्यांना नवल वाटणार नाही.

त्यानंतर जे सुरू झालं ते मात्र नवल वाटण्यासारखंच आहे. प्रेस यांनी मुलासाठी चेंडू हाताळण्याचे व्यायाम स्वतः तयार केले. चेंडू डोक्याभोवती, कंबरेभोवती, गुडघ्यांभोवती फिरवायचा. फक्त बोटांच्या टोकांवर खेळवायचा. पाय फाकून उभं राहायचं, एक हात पुढून आणि एक मागून घालून चेंडू दोन पायांच्या मधोमध धरायचा, आणि चेंडू खाली पडायच्या आत हातांची अदलाबदल करायची. याचं नाव प्रेट्झेल, पीळ घातलेल्या एका बिस्किटावरून ठेवलेलं. चेंडू समोरून पायांमधून जमिनीवर आपटायचा आणि पाठीमागे झेलायचा, त्याचं नाव रिकोशे. असे कितीतरी व्यायाम. या सगळ्याला घरात नाव होतं गृहपाठ. खरोखरच, होमवर्क बास्केटबॉल!

आणि गृहपाठ तरी किती? पीट घरातून गावात जाताना चेंडूचा टप्पा देत जायचा, कधी उजव्या हाताने, कधी डाव्या. सायकलवर बसला तरी एका हाताने टप्पा चालू. सिनेमाला गेला तर कडेची खुर्ची धरायचा, म्हणजे अंधारात मधल्या वाटेवर टप्पा देता येईल. डोळ्यांवर पट्टी बांधून टप्पा. वडील गाडी चालवायचे, वेग कमी-जास्त करायचे, आणि हा खिडकीतून बाहेर वाकून रस्त्यावर टप्पा द्यायचा. (हे घरी करून बघू नका, हे सांगायला नकोच.) रात्री चेंडू कुशीत घेऊन झोपायचा. पैज लागली म्हणून तासभर बोटांवर चेंडू फिरवत ठेवला आणि बोटांची टोकं सोलवटून निघाली, असाही एक किस्सा सांगतात.

इथे जरा थांबून विचार करा. लोकांनी पुढे याच मुलाला दिखाऊ म्हटलं. पण दिखाऊपणासाठी कोणी इतका घाम गाळतं का? आपण ज्याला सराव म्हणतो, पाढे पाठ करण्यासारखा रोजचा, कंटाळवाणा, पुन्हा पुन्हा करायचा सराव, तोच हा. माझं स्वतःचं मत असं, की पीटची करामत म्हणजे पायाला दिलेली बगल नव्हती. पायाचाच एक कोपरा त्याने इतका घोटला होता, की बघणाऱ्याला ती जादू वाटायची. अडचण होती ती बाकीच्या कोपऱ्यांची.

ही अडचण एका माणसाने फार लवकर ओळखली होती. जॉन वुडन. लॉस एंजेलिसच्या युसीएलए विद्यापीठाचे प्रशिक्षक आणि प्रेस यांचे मित्र. वुडन म्हणजे मूलभूत गोष्टींचा कळसच. नव्या हंगामाच्या पहिल्या दिवशी ते काय शिकवायचे ठाऊक आहे? मोजे कसे घालायचे आणि बुटांच्या नाड्या कशा बांधायच्या! मोज्याला चुणी पडली तर फोड येतो, फोड आला की खेळाडू सरावाला मुकतो, असा सरळ हिशोब. देशातले उत्तमोत्तम खेळाडू समोर बसलेले असायचे आणि हे त्यांना मोजे ओढायला शिकवायचे. अशा या वुडन यांच्या संघाने १९६४ ते १९७५ या काळात दहा राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली, त्यातली सात सलग.

कोवळ्या वयातल्या पीटची चेंडूवरची हुकमत वुडन यांनी एका शिबिरात पाहिली. ते थक्क झाले. पण मग त्यांनी प्रेसना अगदी शिक्षकाचाच प्रश्न विचारला, असं सांगतात. एवढं सगळं शिकायला या पोराला किती तास लागले असतील, आणि त्यातले काही तास बचाव करताना पाय कसे टाकायचे हे शिकण्यात घातले असते तर बरं झालं नसतं का? प्रेसचं उत्तर ठरलेलं होतं. हा मुलगा पहिला दहा लाखांचा खेळाडू होणार आहे. बघा, दोघेही जाणते, दोघेही पायाचे पुरस्कर्ते. एकाला दिसत होता खेळ, दुसऱ्याला दिसत होतं पोराचं भविष्य.

शाळेत पीट आठवीतच मोठ्या मुलांच्या संघात गेला. अंगाने इतका किडकिडीत, की चेंडू डोक्यावरून फेकायची ताकद नव्हती. म्हणून तो कंबरेजवळूनच, कमरेचं पिस्तूल काढावं तसा चेंडू भिरकावायचा. तिथून पिस्तूल हे नाव पडलं. पुढे तो सहा फूट पाच इंच वाढला, नाव मात्र तेच राहिलं. पायांत ढगळ, घसरलेले राखाडी मोजे असायचे. वुडन सरांनी ते मोजे बघून काय म्हटलं असेल, हे मला नेहमी वाटतं!

१९६६ मध्ये प्रेस लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीचे प्रशिक्षक झाले. सगळे तिला एलएसयू म्हणतात. पीटला तिथे जायचं नव्हतं. त्याचं मन वेस्ट व्हर्जिनियाकडे होतं. पण वडिलांनी निर्वाणीचं सांगितलं, की माझ्याकडे आला नाहीस तर या घरात परत पाऊल टाकू नकोस. पीटने सही केली. पालकहो, मुलाच्या भल्यासाठी आपणही कधी कधी आवाज चढवतो. पण इथे प्रशिक्षक कोण, वडील कोण आणि स्वप्न कुणाचं, हे एकमेकांत इतकं मिसळून गेलं होतं की ते पुढे कधी वेगळं करता आलं नाही.

बॅटन रूज शहरातल्या या विद्यापीठात फुटबॉलचा, म्हणजे त्यांच्या अमेरिकन फुटबॉलचा, नाद होता. बास्केटबॉलला कोणी विचारत नव्हतं. सामने व्हायचे ते शेतकी प्रदर्शनांच्या सभागृहात. तिथे गुराढोरांची प्रदर्शनंही भरायची, म्हणून लोक त्याला काऊ पॅलेस म्हणायचे. त्या काळच्या नियमाप्रमाणे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघात खेळता येत नसे. त्यामुळे पीट पहिल्या वर्षी नवख्यांच्या संघात खेळला. गंमत अशी, की लोक नवख्यांचा सामना बघायला गर्दी करायचे आणि मुख्य संघाचा सामना सुरू व्हायच्या वेळी उठून घरी जायचे. त्या वर्षी मुख्य संघाने २६ सामन्यांपैकी ३ जिंकले. म्हणजे लोकांचं तरी काय चुकलं?

मग तीन हंगाम तो मुख्य संघात खेळला. आकडे सांगतो, कारण त्याशिवाय कल्पना येणार नाही. सरासरी ४३.८, मग ४४.२, मग ४४.५. सामन्यामागे इतके गुण एकट्याचे! ८३ सामन्यांत ३,६६७ गुण. पन्नास किंवा त्याहून जास्त गुण २८ वेळा. लांबून टाकलेल्या चेंडूला तीन गुण देणारी रेषा तेव्हा आखलेलीच नव्हती, म्हणजे मैदानाच्या अर्ध्यातून टाकला तरी दोनच. ३१ जानेवारी १९७० ला त्याने कॉलेजमधला ऑस्कर रॉबर्टसनचा एकूण गुणांचा विक्रम मोडला. त्या सामन्यात त्याचे ५३ गुण होते आणि संघ जिंकला.

पण त्यानंतर लगेचच आलेला ७ फेब्रुवारीचा सामना बघा. अलाबामाविरुद्ध पीटने ६९ गुण केले. आणि संघ हरला, १०६ विरुद्ध १०४.

हे विद्यार्थ्यांना सांगितलं, तर ते आधी ६९ वर टाळ्या वाजवतील आणि मग गप्प होतील. सामन्यामागे तो सरासरी ३८ वेळा चेंडू कडीकडे टाकायचा. त्यातले निम्म्याहून कमी आत जायचे. हे स्वार्थीपणामुळे होतं का? मला तसं वाटत नाही. वडिलांनीच संघाचा सगळा खेळ त्याच्याभोवती रचला होता. संघात दुसरे फार चांगले खेळाडू नव्हते. आणि तो पास द्यायचा नाही असंही नाही. तो असे पास द्यायचा, पाठीमागून, पायांमधून, मान दुसरीकडे वळवून, की झेलणाऱ्यालाच कळायचं नाही चेंडू कुठून आला. तोंडावर चेंडू बसल्याच्या कहाण्याही आहेत. आपल्या वर्गात एखादा अति हुशार मुलगा गणित सोडवताना चार पायऱ्या गाळून उत्तर लिहितो ना, तसंच काहीसं. उत्तर बरोबर असतं, पण शेजारच्याला काहीच उमगत नाही.

१९६९ च्या डिसेंबरमध्ये दोन्ही शाळा समोरासमोर आल्या. एलएसयूचा संघ वुडन यांच्या मैदानावर गेला. पीटने ३८ गुण केले. युसीएलएने सामना जिंकला, १३३ विरुद्ध ८४. एकोणपन्नास गुणांचा फरक! त्या युसीएलए संघात त्या वर्षी एकट्याच्या जिवावर तोलून धरणारा तारा नव्हता. पाच जण मिळून खेळत होते. त्याच संघाने पुढे राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. राष्ट्रीय स्पर्धेचं दार पीटच्या संघाला तिन्ही वर्षांत एकदाही उघडलं नाही. शेवटच्या वर्षी २२ सामने जिंकून ते दुसऱ्या एका निमंत्रित स्पर्धेच्या उपांत्य फेरीपर्यंत गेले, तेवढंच.

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगायला हवी. ज्या गावात बास्केटबॉलला कुत्रं विचारत नव्हतं, तिथे या एका पोरामुळे काऊ पॅलेस भरून वाहू लागलं. विद्यापीठाचं नवं, भव्य सभागृह १९७२ मध्ये उभं राहिलं, ते या गर्दीमुळेच असं लोक मानतात. आणि तो काळही आठवा. १९६७ पासून कॉलेजच्या खेळात चेंडू उडी मारून वरून कडीत ठोकायलाच बंदी होती. ती १९७६ पर्यंत टिकली. म्हणजे जाणत्या मंडळींना खेळ साधा, शिस्तीचा हवा होता. लोकांना मात्र डोळे दिपवणारं काहीतरी हवं होतं, आणि ते त्यांना पीट देत होता. घसरलेल्या मोज्यांचं अनुकरण करत गल्लीगल्लीत पोरं टप्पा द्यायला लागली. मुलं मैदानावर आली की नाही, या कसोटीवर त्याला किती गुण द्यायचे, ते तुम्हीच ठरवा.

१९७० मध्ये अटलांटा हॉक्स या व्यावसायिक संघाने त्याला सुमारे १९ लाख डॉलरचा करार दिला. प्रेस यांचं स्वप्न पुरं झालं, जवळजवळ दुपटीने. पण संघातल्या जुन्या, कसलेल्या खेळाडूंना त्याहून कितीतरी कमी मिळत होतं. ते या नवख्याकडे कोणत्या नजरेने बघत असतील, याची कल्पना करा. चार वर्षांनी त्याला न्यू ऑर्लिन्स जॅझ या नव्या, कच्च्या संघाकडे धाडलं. त्याच वर्षी, १९७४ च्या शरद ऋतूत, त्याच्या आईने आपलं जीवन संपवलं. घरात बास्केटबॉलशिवाय दुसरं बोलणं नसायचं आणि ती बाई वर्षानुवर्षं दारूच्या आहारी गेली होती. पीटलाही दारूने घेरलं होतं. या घराच्या गोष्टीत आईबद्दल सगळेच फार थोडं बोलतात. मला ते खटकतं.

न्यू ऑर्लिन्समध्ये तो आयुष्यातला सर्वोत्तम खेळ खेळला. १९७६-७७ च्या हंगामात सामन्यामागे ३१.१ गुण, साऱ्या लीगमध्ये पहिला. न्यूयॉर्कविरुद्ध एका रात्री ६८. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९७८ मध्ये, बफेलोविरुद्धचा सामना जवळपास खिशात असताना त्याने हवेत उडी मारली आणि पायांमधून लांब पास दिला. खाली येताना गुडघा गेला. साधा छातीसमोरून दिलेला पास तिथे चालला असता. गुडघा पुन्हा कधी पूर्वीसारखा झाला नाही. १९८० मध्ये थोडा काळ तो बोस्टन सेल्टिक्सकडून खेळला आणि त्याच वर्षी त्याने खेळ सोडला. १९८१ मध्ये बोस्टनने विजेतेपद पटकावलं. तेही हुकलं.

मग दोन वर्षं तो घरात जवळजवळ कोंडून घेऊन बसला. मन शांत होईना. योगासनं करून झाली, हिंदू तत्त्वज्ञान वाचून झालं, शाकाहार झाला, परग्रहावरच्या यानांचा नादही झाला. अखेर १९८२ मध्ये तो ख्रिस्ती श्रद्धेकडे वळला आणि दारू सुटली. त्यानंतरचा पीट आपल्यासारख्यांच्या जास्त जवळचा वाटतो, कारण तो शिकवायला लागला. लहान मुलांची शिबिरं घ्यायचा. १९८७ मध्ये त्याने वडिलांचे ते जुने व्यायाम चार व्हिडिओ कॅसेटमध्ये चित्रित केले आणि त्यांना नावही तेच दिलं, होमवर्क बास्केटबॉल. एक चेंडू हाताळण्यावर, एक टप्प्यावर, एक पासवर, एक कडीत टाकण्यावर. आजही ते बघायला मिळतात, जरूर बघा. करामतींचा हा बादशहा त्यात पहिल्यांदा काय करतो? चेंडू दोन हातांत घेऊन नुसता थापट्या मारतो. मग बोटं. मग मनगट. एक पायरी पक्की झाल्याशिवाय दुसरी नाही. आपल्या पहिलीच्या वर्गातल्या अक्षर गिरवण्यासारखंच. मात्र बचावासाठी त्या चारांत कॅसेट नाही, हेही माझ्या नजरेतून सुटलं नाही.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये प्रेस कर्करोगाने गेले. शेवटचे महिने पीटने त्यांची सेवा केली. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याचा समावेश बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये झाला. तो बघायला वडील नव्हते.

५ जानेवारी १९८८. कॅलिफोर्नियातल्या पासाडेना शहरात एका चर्चच्या व्यायामशाळेत पीट मित्रमंडळींबरोबर सहज म्हणून खेळत होता. मध्ये विश्रांतीला थांबले असताना तो कोसळला, तो उठलाच नाही. वय अवघं चाळीस. शवविच्छेदनात जे निघालं ते डॉक्टरांनाही अचंबित करणारं होतं. हृदयाला रक्त पुरवणारी डावी धमनी त्याला जन्मतःच नव्हती. अशा हृदयाचं मूल मैदानावर धावणंच अवघड, आणि हा कॉलेजचे ८३ आणि नंतर व्यावसायिक लीगचे ६५८ सामने खेळला होता. शाळकरी मुलांच्या वैद्यकीय तपासणीचा फॉर्म आपण घाईघाईत भरतो, तेव्हा हा माणूस मला हटकून आठवतो.

त्याच वर्षी बॅटन रूजच्या त्या नव्या सभागृहाला पीट मॅराविच यांचं नाव दिलं गेलं. कॉलेजातला ३,६६७ गुणांचा विक्रम पुरुषांमध्ये अजून टिकून आहे. २०२३ मध्ये डेट्रॉइटचा अँटवॉन डेव्हिस ३,६६४ पर्यंत पोहोचला. फक्त तीन गुण कमी, आणि तेही पाच वर्षं आणि १४४ सामने खेळून. ३ मार्च २०२४ ला आयोवा विद्यापीठाच्या केटलिन क्लार्क हिने महिलांच्या खेळात ३,६६७ चा आकडा ओलांडला. तिला तीन गुणांच्या रेषेची साथ होती. ती रेषा पीटच्या वेळी असती तर काय झालं असतं, याचा हिशोब एलएसयूचे नंतरचे प्रशिक्षक डेल ब्राउन यांनी त्याच्या फेकींची नोंद तपासून मांडला होता. त्यांचं उत्तर आलं सामन्यामागे ५७ गुण. संघाने आणखी किती सामने जिंकले असते, तो हिशोब मात्र त्यात नाही.